सत्तेचाळीस शब्दांचं घड्याळ

रविवारी सकाळी घराला लागूनच असलेल्या दुकानात घड्याळजींनी इंग्रजी पेपरातलं एक वाक्य कात्रीने कापलं, त्याचे शब्द सुटे केले आणि एनॅमलच्या ताटलीत ओळीने मांडले. सत्तेचाळीस भरले. मग डोळ्याला भिंग लावून ते चिमट्याने एकेक शब्द उचलून पाहू लागले.

नव्या घड्याळांबरोबर येणारी माहितीपत्रकं वाचता यावीत म्हणून साठाव्या वर्षी त्यांनी इंग्रजीची शिकवणी लावली होती. रोज पेपरातली एक बातमी समजून घ्या, असं शिकवणीच्या बाईंनी सांगितलं होतं. समजून घ्यायचं म्हणजे खोलायचं आणि परत जोडायचं, एवढी एकच रीत घड्याळजींना ठाऊक. जोडून झाल्यावर एखादा शब्द उरायचा, पण त्याचं त्यांना काही वाटत नसे. घड्याळ जोडल्यावरही कधीकधी एखादा बारीक स्क्रू उरतो. तो डबीत जातो आणि घड्याळ चालतं.

आजचं वाक्य मात्र काळजाला हात घालणारं होतं. चौकातल्या मनोऱ्यावरच्या घड्याळाबद्दल होतं ते. अठ्ठावीस वर्षं दर सोमवारी सकाळी आठ वाजता त्र्याण्णव पायऱ्या चढून त्याला किल्ली द्यायचं काम घड्याळजींकडे होतं. वाक्यात घड्याळ होतं, सोमवार होता, नगरपालिका होती. पण त्यांच्यामध्ये विरोध, नकार, स्थगिती, माघार आणि इन्कार यांची एवढी चेंगराचेंगरी होती, की घड्याळ चालू राहणार की बंद पडणार, ते काही कळेना.

मराठी पेपरात ती बातमीच नव्हती. नगरपालिकेला सुट्टी. शेवटी बाईंना फोन लावला. त्यांनी वाक्य तीनदा वाचून घेतलं आणि वाक्यात चूक एकही नाही एवढं सांगून फोन ठेवला.

तेवढ्यात घड्याळजींची बायको घरातून दुकानात आली आणि तिने पंखा लावला.

"अगं, पंखा."

"उकडतंय म्हणून लावला. काय झालं?"

"वाक्य उडालं."

दोघांनी कपाटाखालून, पायपुसण्यावरून, एक तर बायकोच्या अंबाड्यातून काढून सगळे शब्द गोळा केले. सत्तेचाळीस पुन्हा भरले, पण क्रम गेला होता. घड्याळजी डगमगले नाहीत. बसेल तिथे बसवायचं, अडेल ते काढायचं. तासाभरात वाक्य जुळलं आणि चालू लागलं: नगरपालिका सोमवारी घड्याळ बंद करणार. एक शब्द उरला.

"हा कुठला?" बायकोने विचारलं.

"वायसर असेल. नसला तरी चालतं."

"अहो, पण मघाशी कळत नव्हतं, ते आता एवढं लख्ख कसं कळलं?"

"खोलून साफ केलं ना."

दुपारी घड्याळजींना जेवण गेलं नाही. कुणीतरी परका हातोडा घेऊन वर चढेल आणि आपल्या घड्याळाला हात लावेल, हे त्यांना सहन होईना. बंदच करायचं तर आपल्या हाताने करू, असं त्यांनी ठरवलं. सोमवारी ते वर गेले, किल्ली दिली नाही, आणि हलणारा लंबक दोन्ही हातांनी धरून शांत केला. आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

खाली चौकात आठ दहाच वाजत राहिले. प्रत्येकाच्या खिशात फोन होता, पण मान सवयीने वर जायची. शाळेच्या शिपायाने घंटा दिली नाही, त्यामुळे पहिला तास संपेना. बस सुटेना, कारण साडेआठ होईनात. न्हाव्याने एकाच गिऱ्हाईकाची दाढी तीनदा केली. वेळ आहे, म्हणाला. नगरपालिकेचे सगळे सभासद अकराच्या सभेसाठी आले होते. मनोऱ्यासमोरच्या हॉटेलात ते चहावर चहा पीत बसले. दर थोड्या वेळाने नगराध्यक्ष वर पाहत आणि अजून पुष्कळ वेळ आहे म्हणून सांगत. दीड वाजता सगळ्यांना एकदमच भूक लागली, तेव्हा कुठे संशय आला.

नगरपालिकेचे हेडक्लार्क दुकानात शिरले ते धापा टाकतच. त्यांचं मनगटी घड्याळ पंधरा दिवसांपासून इथेच दुरुस्तीला पडलं होतं.

"घड्याळजी, कुणाला विचारून बंद केलंत?"

घड्याळजींनी ताटली पुढे सरकवली. "तुम्हीच छापलंत."

हेडक्लार्कनी वाकून वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "वाक्य माझंच आहे. दोन दिवस खपलो होतो त्यावर. पण इतकं स्पष्ट मी नव्हतं हो लिहिलं." त्यांनी चिमटा घेतला, दहाबारा शब्द इकडचे तिकडे केले, उरलेला शब्द मधे खुपसला आणि पुन्हा वाचलं. त्यांच्या जिवात जीव आला. "हां. आता काही कळत नाही. झालं बरोबर."

"पण घड्याळाचं ठरलंय काय?"

"काय ठरणार? ठरलं असतं तर चार शब्दांत लिहिलं नसतं का? आज ठरणार होतं, अकराच्या सभेत. नगराध्यक्षांचं म्हणणं, या घड्याळाकडे हल्ली कुणी बघत नाही, काढून टाकू."

दोघांनी एकदमच खिडकीतून हॉटेलाकडे पाहिलं. नगराध्यक्ष अजूनही मान वर करून बसले होते.

"काय म्हणतायत ते आता?" घड्याळजींनी हळूच विचारलं.

"आधी चालू करा म्हणतायत. बाकीचा विषय कधी काढू नका म्हणतायत."

घड्याळजी त्र्याण्णव पायऱ्या उड्या मारत चढले, निदान बायकोला तरी त्यांनी तसं सांगितलं.

बुधवारी इंग्रजी पेपरात पुन्हा बातमी आली. एकसष्ट शब्दांचं एकच वाक्य होतं. बायकोने न सांगता पंखा बंद केला. घड्याळजींनी वाक्य खोललं, साफ केलं, जोडलं. दोन शब्द उरले.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

घड्याळजींनी भिंग काढून खिडकीबाहेर पाहिलं. मनोऱ्यावर दहा वाजून पाच मिनिटं झाली होती. ती सहा होईपर्यंत ते थांबले. मग दोन्ही शब्द चिमट्याने उचलून त्यांनी स्क्रूच्या डबीत टाकले.

"चालतंय," ते म्हणाले.