बारा वर्षांची कडक शिक्षा

सिनेमाला सासरेबुवांना सोबत न्यावं, हा निर्णय माझाच. (घरात मला फारसे निर्णय का घेऊ देत नाहीत, ते पुढे कळेलच.)

‘पंखवाली नाव’ या कादंबरीवर सिनेमा निघाला होता. काटोलहून आम्ही सीमेपलीकडे, हिंदी मुलखातल्या पांढुर्ण्याला राहायला आलो तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि हे मी वाचलेलं पहिलं हिंदी पुस्तक. त्यात एक पोरका राजकुमार आणि बाबा धुंधनाथ नावाचा दुष्ट जादूगार. एक वाक्य अजून पाठ आहे: ‘धुंधनाथ ने कुमार को बारह बरस मीनार में कड़ी शिक्षा दी।’ ते वाचून मी दोन दिवस नीट जेवलो नव्हतो. शेवटी कुमार राजा होतो आणि त्याच धुंधनाथाच्या पाया पडतो. केवढं मोठं मन! पुढे तिगावच्या गुणवंत नावाच्या मित्राने पुस्तक नेलं ते परत दिलंच नाही, पण गोष्ट मी माझ्या मानसीला शंभरदा तरी सांगितली. घरात माझा शब्द चालतो तो या एकाच विषयात, आणि तो मानणारी ही अकरा वर्षांची एकटी पोर.

तर मी, बायको नलिनी, मानसी आणि लोधीखेड्याचे सासरे भगवंतराव (निवृत्त हिंदी शिक्षक) असे नागपूरला गेलो.

पडद्यावर मिनार आला. मानसीने माझा हात घट्ट धरला. धुंधनाथ पुढे झाला आणि कुमारला मांडीवर घेऊन त्याच्याकडून अक्षरं गिरवून घ्यायला लागला. वर खीरही भरवली.

“बाबा, हा मारत काहून नाही?”

“थांब, आता मारते.”

मारलं नाही. तारे दाखवले. मी उभा राहिलो. “खोटं आहे हे! पुस्तकात असं नाही!”

“भाऊ, बसून घ्या नं,” मागून कोणीतरी म्हणालं.

इंटरव्हलमध्ये मी तावातावाने बोलत होतो. या सिनेमावाल्यांनी माझं बालपण नासवलं, वगैरे. पुरावा म्हणून ते वाक्यही म्हणून दाखवलं. भगवंतरावांनी समोसा खाली ठेवला.

“जावईबापू, शिक्षा म्हणजे काय समजले तुम्ही?”

“सजा.”

“हिंदीत शिक्षा म्हणजे शिकवणं. तो मास्तर होता त्याचा.”

मला खरंच रडू आलं. पस्तीस वर्षं मी एका भल्या मास्तरला शिव्या देत होतो. मोठेपणी हिंदी आली, पण मनात बसलेलं वाक्य पुन्हा कोण तपासतं?

“म्हणजे तो चांगलाच होता?” मानसीने विचारलं. मी मान डोलावली. तिने माझा हात सोडला आणि आजोबांचा धरला. उरलेला सिनेमा ती त्यांच्याच शेजारी बसली, आणि नंतर बसमध्येही. काही अडलं की “आबा, याचा अर्थ काय?” असं त्यांनाच विचारत होती. मी खिडकीबाहेरची संत्र्याची झाडं बघत राहिलो.

सौंसर मागे पडल्यावर नलिनी हळूच म्हणाली, “अहो, तुमच्या ऑफिसच्या पाटीवर काय लिहिलं आहे?”

“शिक्षा विभाग.”

“मंग एकोणीस वर्षं काय वाचून राहिले होते तुम्ही?”

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

“मराठीत वाचून राहिलो होतो,” मी म्हणालो.