ठकीचं वृक्षारोपण

बदलापुरात, बेलवलीच्या एका सोसायटीत श्रीपाद आणि कुमुदिनी दामले यांची मांजर ठकी हिला कढीपत्त्याच्या झाडाशेजारी संपूर्ण इतमामाने पुरण्यात आलं. असं काहीही झालेलं नाही. आवारात जनावर पुरायला सक्त मनाई असल्यामुळे ते होणं शक्यच नव्हतं. तेव्हा पहिलं वाक्य विसरून जावं. ही गोष्ट वृक्षारोपणाची आहे.

ठकी रविवारी सकाळी झोपेत गेली. आयुष्यभर तिने झोपण्यापलीकडे काही केलेलं नसल्यामुळे हे लक्षात यायला दुपार झाली. कुमुदिनीकाकूंनी दुधाची वाटी वाजवली, फ्रिजचं दार दोनदा उघडलं-लावलं. शेवटी त्या शाकाहारी घरात शेजारून तळलेला बोंबील मागून आणला गेला. तरीही ठकी उठली नाही, तेव्हा रडारड सुरू झाली.

"तिला कढीपत्त्याखालीच ठेवायचं," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "रोज दुपारी तिथेच पसरायची बिचारी. मी तिला नाल्यात टाकू देणार नाही, सांगून ठेवते!"

नाल्याचं नावही कोणी काढलं नव्हतं. श्रीपादकाकांनी फक्त एक मोठी काळी पिशवी हातात घेतली होती. त्यांनी ती घडी घालून परत ठेवली.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. वरिष्ठांच्या मंजुरीशिवाय ते शिंकतसुद्धा नसत. ते थेट सेक्रेटरी हिंदुराव यांच्या दारात उभे राहिले.

"कॉमन एरिया आहे, दामलेसाहेब. खड्डा खणता येणार नाही," हिंदुराव म्हणाले. "वृक्षारोपण सोडून."

"अहो, पण चौदा वर्षं सांभाळलंय तिला..."

"मी काय म्हणालो? वृक्षारोपण सोडून." आणि हिंदुराव आवारातल्या आंब्याकडे एकटक बघत राहिले.

काका घरी आले आणि म्हणाले, "अर्ज नामंजूर." मग सगळा संवाद सांगितला. काकूंनी कपाळावर हात मारला.

"अहो, तो माणूस दोनदा हो म्हणाला तुम्हाला!"

"आई, सही है," त्यांची मुलगी हिमानी म्हणाली. "खड्डा, ठकी, वर एक रोप. दहा मिनिटांत मॅटर क्लोज. फक्त कोणाला सांगायचं नाही, ओके?"

"ओके," म्हणून काकांनी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं: 'आज सायंकाळी आवारात छोटेखानी वृक्षारोपण. उपस्थिती ऐच्छिक.'

"बाबा! का?"

"उद्या कोणी विचारलं तर रेकॉर्डला असावं."

भर दुपारी सगळी सोसायटी जेवून घोरत असताना खड्डा खणला गेला. ठकीला उल्हासनगरहून आणलेल्या 'इम्पोर्टेड' चादरीत गुंडाळून आत ठेवलं, वर मातीचा पातळ थर दिला. आता फक्त सायंकाळी जास्वंदीचं रोप लावायचं बाकी होतं.

ऊन उतरतं न उतरतं तोच गेटातून ढोल वाजला.

भूपेश आला होता. भूपेश म्हणजे वॉर्डाचा भावी नगरसेवक. कित्येक वर्षं तो त्याच पदावर होता. तो या सोसायटीत राहत नसे, पण बदलापुरातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये राहत असे. सोबत कार्यकर्ते, माणसाएवढं बकुळीचं झाड, झाडापेक्षा मोठा फोटो असलेला बॅनर आणि एक जेसीबी.

"जेसीबी कशाला?" काकांनी घाबरून विचारलं.

"वरून फुलं उधळायला, काका. आजकाल त्याशिवाय फील येत नाही," भूपेश म्हणाला. "पण खड्डा एकदमच छोटा घेतलाय तुम्ही. ए, जरा बकेट मार रे, खोल कर!"

जेसीबीची बकेट कुरकुरत ठकीच्या डोक्यावर आली आणि कुमुदिनीकाकू धावत जाऊन खड्ड्यावर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

"खबरदार! आधी माझ्या अंगावरून न्या!"

"काकू, बकुळ मोठी आहे, मुळं बसणार नाहीत."

"न बसू देत! इथे जास्वंदच लागणार. आणि एक ढेकूळ जरी हलवलंत ना..." त्या ओक्साबोक्शी रडू लागल्या.

भूपेश दबक्या आवाजात कार्यकर्त्याला म्हणाला, "घेतलं का? झाडासाठी जेसीबी अडवणारी माऊली. फुल व्हायरल जाणार हे."

त्यानंतर सगळं भूपेशने ताब्यात घेतलं. जास्वंद लागली. नारळ फुटला, उदबत्त्या पेटल्या. पन्नासेक माणसांनी रांगेने येऊन मूठ मूठ माती टाकली. जेसीबीने झेंडूच्या पाकळ्यांची अख्खी बकेट ओतली. बदलापुरात भल्याभल्या माणसांना असं जाणं लाभत नाही.

"आज आपण इथे जे ठेवलंय," भूपेश माईकवर गरजला, "ते उद्या वर येणार! मोठं होणार! तुमच्या घराघरात जाणार!"

"बाबा, मला भीती वाटतेय," हिमानी पुटपुटली.

गर्दी पांगल्यावर काकू एकट्याच जास्वंदीपाशी बसल्या होत्या. हिंदुराव आले. इकडेतिकडे बघून त्यांनी खिशातून एक चाफ्याचं फूल काढलं आणि मातीवर ठेवलं.

"वय किती होतं?"

"कोणाचं?" काका सावध झाले.

"जास्वंदीचं."

"चौदा," काकू म्हणाल्या.

"आमचा आंबा बाराचा होता. टायगर म्हणायचो आम्ही त्याला." हिंदुरावांनी बोटाने एकेक झाड दाखवलं. "चाफ्याखाली वरच्या मजल्यावरच्या तेजलचे ससे आहेत. शेवग्याखाली पोपट. हरित सोसायटीचं बक्षीस काय उगाच मिळतं का? हौसेने झाड लावतंय कोण इथे! पण दामलेसाहेब, ग्रुपवर कोणी टाकतं का हो असलं?"

काकांनी चूक मान्य केली आणि पुढच्या वेळी योग्य ती प्रक्रिया पाळायचं आश्वासन दिलं. अशी काही प्रक्रिया मुळात नव्हतीच. म्हणून दुसऱ्या दिवशी ती नोटीस बोर्डावर लागली:

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, आवारात कोणताही प्राणी पुरण्यात आलेला नाही व येणार नाही. तथापि आयत्या वेळी रोप मिळत नाही व पुढारी आवरत नाहीत. तरी सभासदांच्या घरातील कुत्रे, मांजरी, ससे व पोपट यांनी आपल्या नियोजित वृक्षारोपणाची पूर्वसूचना, आवडत्या झाडाच्या नावासह, किमान आठवडाभर आधी, स्वतःच्या पंजाच्या ठशानिशी कमिटीकडे लेखी द्यावी, ही नम्र विनंती.'