मोसंबीची परवानगी

रुखसाना पठाण मोसंबीला सुई टोचण्याआधी तिची परवानगी घेते. गंमत म्हणून नाही, अगदी मनापासून. "आता तुला सुई देणार हाय. आधी स्पिरिटचा बोळा, थोडं थंड लागंल. देऊ का?" मोसंबी काही बोलत नाही. रुखसाना तरी क्षणभर थांबते आणि मगच टोचते.

इंजेक्शनचा सराव संत्र्यावर करावा, असं आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात लिहिलंय. पण आमच्या जालन्यात मोसंबी ढिगानं मिळते, म्हणून आम्ही तिच्यावरच हात साफ करतो. इतर मुलींच्या वीस मोसंब्या टोचून होतात, तेवढ्यात हिच्या जेमतेम तीन.

आम्ही हॉस्टेलच्या एकाच खोलीत राहतो. मी केदारखेड्याची, ती शहागडची. तिथं हायवेवर तिच्या अब्बांचं पंक्चरचं दुकान आहे. "बराबर सांगून करायचं," हे तिचं ठरलेलं वाक्य. सरावाच्या खोलीत प्लास्टिकचा एक पुतळा आहे. त्याचं अंग पुसायचं असलं, की आम्ही सरळ चादर ओढतो. ही आधी पडदा लावते आणि बाहेरून विचारते, "चाचा, आत येऊ का?" एकदा मला ताप आला, तर थर्मामीटर कशाला, कुठं, किती वेळ, हे तिनं इतकं समजावलं, की तोवर ताप उतरला.

या स्वभावानं व्हायचं तेच झालं. प्रॅक्टिकलला दहा मिनिटं होती. त्यातली नऊ सांगण्यात गेली आणि भरलेली सुई हातातच राहिली. बाईसाहेब नापास! अब्बांचा फोन आला, "एक बार और बैठ. नहीं हुआ तो घर आजा, रिश्ता देखेंगे." दोन दिवस ती नीट जेवली नाही.

मी पहिल्याच फटक्यात पास झालेली, त्यामुळे शिकवायची खुमखुमी होतीच. मोबाइलवर वेळ लावून बसले. "दीड मिनिटात आटप आन् टोच!" महिनाभरात ती दीड मिनिटावर आली. गोऱ्हा औताला वळवल्यासारखी मी खूश झाले.

परीक्षा वॉर्डातल्या खऱ्या पेशंटवर होती. ट्रे धरायला मदतनीस म्हणून मला उभं केलं होतं. कॉटवर भोकरदनकडच्या एक आजी होत्या. रुखसानानं दीड मिनिटात सगळं सांगितलं. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "पोरी, दुखंल का गं?"

याचं उत्तर आमच्याकडे तयार असतं. न्हाई आजी, मुंगी चावल्यावानी. मीही तेच सांगून पास झाले होते. ट्रेमागून मी ओठ हलवले, "मुंगी, मुंगी." रुखसानानं माझ्याकडे पाहिलं, परीक्षा घेणाऱ्या सरांच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दुखंल, आजी," ती म्हणाली.

आजींनी हात पदराखाली घेतला. झालं! ही खाली वाकून पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली. शेवटी आजींनी आपणहून हात पुढे केला. सुई देऊन झाली, तेव्हा वेळ संपली होती आणि सरांनी पेनाला टोपण लावलं होतं.

बाहेर येताच मी भडकले. "एवढं एक खोटं बोलली असतीस, तर काय बिघडलं असतं? वरीस गेलं ना तुझं!"

ती पायरीवर बसली. "अम्मीच्या आपरेशनच्या टायमाला मी नऊ वर्साची व्हते," ती म्हणाली. "अम्मीला डॉक्टरची मराठी समजत न्हवती. अब्बा दवाया आणायला गेल्ते. डॉक्टर मला म्हणले, आईला सांग, लई अवघड हाय. अम्मीनं इचारलं, क्या बोले? मी सांगितलं, कुछ नहीं होता अम्मी, जल्दी घर जाएंगे."

मी तिच्याशेजारी बसले.

"ती हसत आत गेली. मला जवळबी घेतलं न्हाई. जल्दी येणार व्हती ना."

मला रडू आवरेना. ती मात्र रडली नाही.

वेळेचे गुण गेले, तरी रुखसाना काठावर पास झाली. अब्बांनी रिश्त्याचा विषय बंद केला. गुण माझेच जास्त आहेत. पण ज्या बाईला टोचून मी ते मिळवले, तिचा चेहरासुद्धा मला आठवत नाही, आणि त्याची मला लाज वाटते.