उभे शामराव

इंझोरीत कुणाचंही लग्न असो, आमचे शेजारी शामराव पंगतीत कधी बसले नाहीत. बुंदीची परात घेऊन वाढत फिरायचे. कुणी हात धरलाच, तर "पयले लोकायचं होऊ द्या" म्हणून सटकायचे आणि शेवटी चुलीपाशी उभ्यानंच जेवायचे. घरीही तेच. आम्ही भाबडे, त्याला सेवाभाव समजत होतो.

मग त्यांच्या शांतीचं लग्न ठरलं आणि पोरगी हटून बसली. "बाबा, माह्या लग्नात तरी माह्या बाजूले बसून जेवा. एकडाव."

दुसऱ्या दिवशी शामराव माझ्याकडे आले. चेहरा पार उतरलेला. "मास्तर, मले मांडीच घालता येत नाई. जांघेत कळ निघते. शांतीले सांगू नका, फिकर करन पोरगी." लग्नाला पंधरा दिवस होते. सांगणार नाही असा शब्द देऊन मी त्यांना वाशीमला घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांना आधी चार पावलं चालवलं. कुठं दुखतं विचारल्यावर शामरावांनी अंगठा मागे, बोटं पुढे असा पंजाच खुब्याला धरला. डॉक्टरांनी टेबलावर निजवून गुडघा पोटाकडे दुमडला, आतल्या बाजूला नेला आणि पाऊल बाहेर वळवलं. "दुखते काय?"

"नाई जी!" मांडी घालायला बंदी होईल या धास्तीनं त्यांनी दात आवळले आणि माझा दंड असा दाबला, की "मेलो!" म्हणून मीच ओरडलो.

"दोघांत पेशंट कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

अकोल्याला हाडाचा फोटो काढून आणला. तो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, "मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्याच्या वाटीच्या काठाला अडतो आहे. मांडी बंद. खुर्चीवर बसून जेवा."

"पोरगी पाटावर अन् बाप खुर्चीवर? हे बाजूले बसनं झालं काय जी?"

परतताना बैलगाडीत ते पुन्हा पुन्हा मांडी घालून पाहत होते. मला राहवेना. दिलेला शब्द मोडून मी शांतीला सगळं सांगून टाकलं.

लग्नाच्या पंगतीला शामरावांनी परात उचलली, तर शांतीनं ती हातातून काढून घेतली. भिंतीशी ज्वारीची दोन पोती आडवी टाकून ठेवली होती. एकावर तिनं बापाला पाय सोडून बसवलं. दुसऱ्यावर शालू सावरत स्वतः बसली. वऱ्हाडी बघतच राहिले.

शामरावांना घास उतरेना. "कढीत मीठ कमी हाय वाट्टे, पायतो," म्हणत ते उठू लागले.

शांतीनं त्यांचं धोतर मुठीत धरलं. "बसा न बाबा. उद्या मी नसीन."

ते बसले. पंगत उठली, उष्टी निघाली, तरी दोघं बसूनच होते.