आधी तोंडानं वाजवून दाखव

आमच्या गावात लॅपटॉप बिघडला, तर हिरामणनाना तो लगेच हातात घेत नाहीत. आधी मालकाला समोरच्या स्टुलावर बसवतात आणि म्हणतात, "तोंडानं आवाज काढ. कसा बोलतंय तो?"

मग तुम्ही कोण आहात याला काही किंमत नसते. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या ग्रामसेवकांनी नानांच्या ओट्यावर बसून "टीं, टीं, टीं" केलेलं मी स्वतः पाहिलं आहे. नाना म्हणाले, "मधी किती थांबतंय? घाई नको." ग्रामसेवकांनी पुन्हा केलं. मासळी विकून परतणाऱ्या दोघी जणी रिकाम्या टोपल्या घेऊन बघत उभ्या राहिल्या. किहीमला बंगला असलेल्या एका साहेबांनी मात्र नकार दिला. "माझ्या लॅपटॉपला आवाजच नाही," ते म्हणाले. नानांनी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर परत ठेवला. "आवाज हाय. तुमी कवा आयकला न्हाय." साहेब गाडीपर्यंत गेले, परत आले आणि इकडेतिकडे बघून हळूच "खर्रर्र" म्हणाले. "आता कसा!" नाना खुश झाले. "पंखा घासतंय."

नानांनी एकतीस वर्षं मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त केली. गुडघे दुखायला लागले, बोटीच्या पोटात उतरणं जमेना, तेव्हा पुतण्याचा बंद पडलेला लॅपटॉप त्यांनी सहज उघडून पाहिला. त्याला आता आठ वर्षं झाली. मागच्या मे महिन्यात त्यांच्या ओट्यावर एका वेळी अकरा लॅपटॉप मी मोजले. त्यातला एक तर थेट तळा तालुक्यातून आला होता. भाषा मात्र त्यांनी बदलली नाही. बॅटरीला ते टाकी म्हणतात, चार्जरला डिझेलची नळी. "मशीन लपवत न्हाय, मानूस लपवतंय," हे तर दिवसातून चारदा.

आता गावात सगळ्यांना ठाऊक असलेली आणि कोणी न बोललेली गोष्ट सांगतो. एवढी वर्षं इंजिनाशेजारी बसून नानांचे कान गेले आहेत. समोरच्याचे ओठ बघून त्यांचं काम चालतं. आवाज काढायला लावतात तो त्यासाठीच. 'घर्र' आणि 'टिक टिक' यांतला फरक ओठांवर स्पष्ट दिसतो. हे कोणाला कळलेलं नाही, असं नानांना वाटतं आणि अख्खं गाव त्यांना तसं वाटू देतं. मागून त्यांना कोणी हाक मारत नाही. वळसा घालून समोर येतात. लहान पोरंसुद्धा. मला माझ्या गावाचा ज्या थोड्या गोष्टींसाठी अभिमान आहे, त्यांत ही पहिली.

नानांची बायको, यमुनाकाकी, धवलारीण आहे. धवले म्हणजे हळदीपासून लग्न लागेपर्यंत म्हणायची आमच्याकडची गाणी. काकींना ती शेकड्याने पाठ. एखाद्या लग्नाहून परतताना नाना हमखास म्हणायचे, "आज आवाज चांगला लागला व्हता." काकी "व्हय" म्हणायच्या आणि पदर तोंडाला लावायच्या.

माझ्या मुलीने, सायलीने, एमएच्या प्रबंधासाठी दोन वर्षं काकींची गाणी रेकॉर्ड केली. एकूण छत्तीस. ती सगळी तिच्या लॅपटॉपवर, फक्त लॅपटॉपवर. दुसरीकडे कॉपी कर, असं मी तिला पाच वेळा सांगितलं होतं. तेवढ्यात यंदा काकींच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांचा आवाज खाली बसला आहे. वरच्या सुरातली ओळ येत नाही. ती छत्तीस गाणी तशी पुन्हा मिळणार नव्हती.

आणि लॅपटॉप अचानक बंद पडू लागला. मी पाणीपुरवठ्याच्या मीटरची नोंद ठेवणारा माणूस. सवयीने वेळा लिहून ठेवल्या. पहिल्यांदा चौदा मिनिटांनी बंद, मग नऊ, मग सहा, मग चार. तासभर तसाच ठेवला, तर पुन्हा तेरा. गुरुवारी तो सुरूच होईना. दिवा लागे, पंखा दोन सेकंद फिरे, पडदा काळाच. शहरातल्या एका दुकानदाराने सांगितलं, बोर्ड गेला, आतलं काही मिळेल याची खात्री नाही. सायली दोन दिवस धड जेवली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही नानांच्या ओट्यावर गेलो. सायलीने ओठ चांगले हलवून "फुर्र... टक" केलं. मी माझा कागद पुढे केला.

नानांनी तो दोनदा वाचला आणि आतल्या काकींना ओरडून सांगितलं, "बग गो! तीस गावची मानसा आयली, पन आकडे घेऊन आयलाय तो ह्योच!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "थंड झाला का जास्त चालतंय. म्हंजे गरम होतंय. बोर्ड गेला बोलनाऱ्याचा डोका गेलाय."

त्यांनी खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं, आणि चिमट्याने पंख्याच्या जाळीतून काहीतरी ओढायला सुरुवात केली. गुलाबी-करड्या केसांची गादीच निघाली. नानांनी ती नाकाजवळ नेली.

"पोरी, हा घेऊन बसतंस कुटं?"

"गच्चीच्या दारात. तिथेच रेंज येते."

"आनि गच्चीवर काय सुकतंय?"

सायली माझ्याकडे बघायला लागली. मी दुसरीकडे. आमच्या गच्चीवर वर्षभराचा जवळा, ती बारीक कोलंबी, सुकत होता. त्याच्या मिशा आणि पाय वाऱ्याने उडून दोन वर्षं पंख्यात जात होते. आमची मांजर लॅपटॉपशेजारून हलत का नव्हती, तेही कळलं.

"मीटरवाले, चटनी व्हईल एक वेळची," नाना म्हणाले. हसू येत होतं, पण सायलीचा चेहरा बघून मी आवरलं.

चिपवरचं वाळलेलं मलम पुसून त्यांनी नवं लावलं. मग मेमरीची पट्टी बाहेर काढली. खाऱ्या हवेने तिची टोकं हिरवट झाली होती. शाळेतल्या खोडरबराने त्यांनी ती घासली आणि परत बसवली. बटण दाबलं. काळा पडदा. पट्टी पुन्हा काढली, पुन्हा घासली. पुन्हा काळाच. तिसऱ्या वेळी उजेड आला, आणि सायलीचा हात माझ्या मनगटावर आवळला.

"आताच नाचू नको," नानांनी बजावलं. इंजिन दुरुस्त झालं, की बोट एक तास बंदरातच चालवून बघायची, मगच बाहेर न्यायची, हा त्यांचा जुना नियम. "आनि रिकामी बोट कोनीबी चालवतंय. माल भर."

मग सायलीने एकीकडे गाणी एकेक करत जुन्या, संथ पेन ड्राइव्हवर उतरवायला लावली आणि दुसरीकडे वाजवायला. ओट्यावर काकींचा दोन वर्षांपूर्वीचा खणखणीत आवाज भरला. सहा मिनिटं झाली. नऊ झाली. चौदाही उलटली. पंधरा. छत्तीसवं गाणं चाळिसाव्या मिनिटाला उतरलं. सायलीने पेन ड्राइव्ह काढून मुठीत धरला आणि रडली.

नानांनी तिला रडू दिलं. गाणं अजून वाजत होतं. त्यांनी स्पीकरच्या जागेवर तळवा टेकवला होता. मला वाटलं, गरम होतंय का ते बघतायत. पण हात हलत नव्हता, आणि डोळे मिटलेले होते.

काकी ओले हात लुगड्याला पुसत बाहेर आल्या. क्षणभर त्यांनी तो हात पाहिला. मग शेजारी बसल्या, तो उचलला आणि स्वतःच्या गळ्यावर, ऑपरेशनच्या वणाशेजारी ठेवला.

नानांनी डोळे उघडले तेव्हा त्या म्हणाल्या, "डब्यात काय शोधताव? हीतं ठेवा."

आणि त्या खालच्या, फाटक्या आवाजात गाण्याबरोबर म्हणू लागल्या. नानांनी डोळे पुन्हा मिटले. मी आणि सायली पडद्याकडे बघत राहिलो, जणू तिथे फार महत्त्वाचं काही चाललं होतं.

गाणं संपलं.

"तिसऱ्या वळीला घाई करतंस," नाना डोळे उघडून म्हणाले. "लगीन झाल्यापासून करतंस."

"मंग तवाच का न्हाय सांगितला?"

नानांनी हात काढला नाही. "सांगितला असता तं तू म्हनायचीच थांबली असतीस."