पिक्चरमध्ये आत्या कुठाय?

आमच्या सोसायटीतल्या नलूआत्याकडे कुठल्याही पिक्चरला पास-नापास करायला एकच प्रश्न आहे: "खाऊन निघाले का ते?"

म्हणजे बघा, टीव्हीवर हीरो-हिरॉइन घर सोडून पळतायत, मागे गुंड लागलेत, आम्ही सगळे श्वास रोखून बसलोय. आणि आत्या मटार सोलता सोलता म्हणणार, "अगं, पण खाऊन निघाले का? पोरीच्या हातात नुसती पर्स. त्यात काय मावणार, एक खाखरा?" झालं! पिक्चर नापास. युद्धाचे नापास, भुतांचे नापास. लग्नाचे तेवढे पास होतात, कारण त्यात पंगती असतात.

आत्या बडोद्यात, मांजलपूरला, आमच्या समोरच्याच घरात एकटी राहते. शाळेत भूगोल शिकवायची, आता रिटायर झालीये. लग्न केलं नाही. भावाची बदलीची नोकरी, म्हणून त्याचा मुलगा, मिलिंददादा, हिच्याकडे राहून शिकला. मग कॉम्प्युटरवाला झाला आणि अमेरिकेला गेला. त्याचा फोन येतो दिवाळीला आणि वाढदिवसाला, आणि "आत्या, फोनचं कार्ड संपतंय"वर बंद होतो. तो आत्या म्हणायचा म्हणून अख्खी सोसायटी आत्या म्हणते. शेजारच्या गुजराती जिग्नेशच्या घरचे तर चक्क "आत्याबेन"! पोस्टमनलासुद्धा ती विचारते, "खाऊन निघालात का?" तो नाही म्हणाला की हातात ढेबरं. बाजरीचं, भरपूर मेथी घातलेलं, वर कैरीचा गोड छुंदा.

आता पुस्तकाचं सांगते, कारण सगळी भानगड तिथेच आहे. आत्याकडे एक जाडं इंग्लिश पुस्तक आहे, ब्राऊन पेपरचं कव्हर घातलेलं. मिलिंददादासाठी घेतलेलं, तो मोठा झाल्यावर आमच्या वाट्याला आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आम्ही तिच्या ओट्यावर जमायचो. ती चष्मा लावून पुस्तक उघडायची आणि इंग्लिशमधून डायरेक्ट मराठीत सांगायची, मधेमधे जिग्नेशसाठी गुजराती. तीन भावंडं आत्याकडे राहायला येतात. घरामागे कोरडी विहीर. विहिरीत पायऱ्या, आणि खाली धुक्याच्या राजाचं राज्य! आणि सगळ्यात भारी कोण? आत्या! मुलं खाली उतरली की ही मागोमाग डबा घेऊन हजर. जंगलात हजर, बर्फात हजर. शेवटी धुक्याचा राजा एवढा मोठा होऊन समोर उभा राहतो, तर आत्या त्याला म्हणते, "आधी हातपाय धुवून ये." मग तो ढेबरं खातो, ढसाढसा रडतो आणि विरघळून जातो. आम्ही टाळ्या!

इंग्लिश पुस्तकात ढेबरं कुठून आलं, हा प्रश्न आमच्यातल्या एकालाही पडला नाही. बडोद्यात वाढलं की वाटतं, ढेबरं सगळीकडे असतंच.

तर, गेल्या थंडीत त्याच पुस्तकावरचा पिक्चर आला! हिंदीत डब केलेला, नव्या मल्टिप्लेक्सला! आम्ही सगळी ओट्यावरची गँग, आता कॉलेजात, पहिल्याच दिवशी स्कूटरवर तिघं-तिघं बसून पोचलो. आणि पिक्चरमध्ये आत्याच नाही! म्हणजे सुरुवातीला एक बाई कंदील घेऊन विहिरीच्या काठावर उभी असते, मुलं खाली उतरतात, खलास. परत दिसतच नाही. आणि धुक्याच्या राजाला धाकटा भाऊ तलवारीने मारतो. तलवारीने! जिग्नेश उभा राहून ओरडला, "अरे, आत्याबेन क्यां छे?" मागून कोणीतरी म्हणालं, "बेसी जा ने, भाई."

मी तडक सायबर कॅफेत गेले. लोक पिक्चरवर आपापली मतं टाकतात अशी एक साइट आहे. कोणी लिहिलेलं, मुलांना मजा आली. कोणी लिहिलेलं, मध्ये फार खेचलाय. एकाला बोलणारं रानडुक्कर आवडलेलं. मी सगळं कॅपिटलमध्ये ठोकलं: पुस्तकाची पार वाट लावलीये! मेन कॅरेक्टरच कापलंय! आत्या कुठाय? डबा कुठाय? दुसऱ्या दिवशी बघते तर खाली उत्तरांची रांग. "मॅडम, कुठलं पुस्तक वाचलंत?" "कसला डबा?" "हिला भूक लागली असणार, हिच्यासाठी कोणीतरी समोसा आणा."

मी असली चिडले! पुरावाच फेकते तोंडावर, म्हणून आत्याकडून पुस्तक आणलं आणि पहिल्यांदाच स्वतः वाचलं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी एक वाक्य: आत्या कंदील घेऊन काठावर उभी राहिली. मी पानं उलटत गेले. जंगल आलं, बर्फ आला, राजा मेला, मुलं वर आली आणि गाडीत बसून आपल्या घरी गेली. आत्या कुठेच नाही. पिक्चरवाल्यांनी अगदी इमानदारीत पुस्तक दाखवलं होतं. बाकीचं सगळं आमच्या नलूआत्याचं होतं.

आणि इकडे आत्या फाटकाशी उभी राहून प्रत्येकाचं मत घेतेय! "काय रे, आत्याचं काम कोणी केलंय? बरं केलंय का?" जिग्नेश घाबरून म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास, आत्याबेन!" त्याच्या बहिणीने वर भर घातली, "रडवून टाकते हं!" आत्याने कपाटातून चांगली साडी काढली आणि मला म्हणाली, "चिनू, रविवारी आपण जायचं." मिलिंददादा अमेरिकेला गेल्यापासून ती थेटरात गेलीच नव्हती, आणि आता जाणार होती ते त्या कंदीलवाल्या बाईला बघायला.

मल्टिप्लेक्सच्या दारात गार्डने तिच्या पिशवीतला डबा पकडला. "आंटी, बहारनुं खावानुं अलाउड नथी."

"तू खाऊन निघालास का?" आत्याने विचारलं.

गार्डने दोन ढेबरी खाल्ली, आणि डबा आत गेला.

पिक्चर सुरू झाला. कंदीलवाली आली तशी आत्या पुढे सरकून बसली. मुलं उतरली. कंदील मागे राहिला. आत्या मात्र पुढेच सरकलेली, जंगलात, बर्फात, अगदी तलवारीपर्यंत. मांडीवर डबा, बंद. दिवे लागले, लोक उठले. मी आल्यापासून खोटं काय बोलायचं ते जुळवत होते.

"मुलं दिसेनाशी झाल्यावर ती किती वेळ उभी होती," आत्या म्हणाली, "ते काही दाखवलं नाही."

"आत्या, पुस्तकात पण..."

"माहितीये गं. मीच नाही का वाचायचे? एवढा खर्च करून पिक्चर काढलाय, मला वाटलं, जरा तरी पुढे नेतील तिला."

घरी येईपर्यंत तिने कोणालाच काही खायला विचारलं नाही. रिक्षावाल्यालासुद्धा नाही.

मी सोमवारी परत कॅफेत. म्हटलं, माझं मत पुसून टाकावं. तर खाली एक नवीन उत्तर, इंग्लिश अक्षरांत मराठी, अमेरिकेतून. "तुमचं बरोबर आहे. डबा कुठाय? मुलीला घेऊन गेलो होतो. तिला मी आत्यासकट गोष्ट सांगितलीये, शेवटपर्यंत आम्ही दोघं डब्याची वाट बघत बसलो. तुम्ही मांजलपूरच्या का?"

मी किंचाळलेच! मग टाइप केलं, सगळी स्पेलिंग चुकवत: दादा, मी समोरची चिनू. आत्याने काल पिक्चर बघितला. फोन कर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्याकडे मेथी निवडत बसले होते, तेव्हा फोन वाजला. आत्या रिसिव्हर कानापासून लांब धरते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"आत्या, साफ चुकलाय तो पिक्चर! रिया भांडतेय माझ्याशी. राजाला आत्या काय म्हणते ते तूच सांग तिला."

"अरे, कार्ड संपेल तुझं."

"संपू दे. दुसरं आणलंय."

आत्याने पदर खोचला, घसा साफ केला आणि फोनमध्ये, थेट अमेरिकेपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा म्हणाली, "आधी हातपाय धुवून ये!" तिकडून खिदळणं ऐकू आलं. मग परत दादा.

"आत्या, तू जेवलीस का?"

अख्ख्या बडोद्याला हा प्रश्न विचारणारी बाई, आणि आज तिलाच तो कोणीतरी विचारला. तिने फोनची वायर बोटाला गुंडाळली.

"नाही रे अजून," ती हळूच म्हणाली. "बसतेच आता."

फोन ठेवला तरी तिचा हात रिसिव्हरवरच होता. मग माझ्याकडे वळली.

"बघत काय बसलीयेस, चिनू? दोन ताटं घे."