फादर गोइंग थर्सडे

सुनेचा मेसेज आला तेव्हा मालतीबाई सुपात तुरीची डाळ निवडत होत्या. फोन थरथरला म्हणून त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि नाव वाचून त्या सूप बाजूला सारून सरळ बसल्या. अमृताचा मेसेज. प्रतीकच्या फोनवरून नाही, तिच्या स्वतःच्या फोनवरून, आणि थेट त्यांना.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. अमृता केरळची, प्रतीक पांढुर्ण्याचा, आणि दोघं राहायला बंगलोरला. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. मालतीबाईंना तिची भाषा म्हणजे हंड्यात खडे हलवल्यासारखी वाटे. दर रविवारी फोनवर चेहरे दिसायचे. "अम्मा, हाउ आर यू?" "फाइन. हाउ आर यू?" "फाइन." मग दोघी गाल दुखेपर्यंत हसत बसायच्या आणि प्रतीक मध्ये येऊन इकडचं तिकडे सांगायचा. सून पोरीसारखी हवी, निदान रागावता तरी यावं, असं मालतीबाईंना फार वाटे. पण दुभाष्यामार्फत रागावता येत नाही.

मेसेज त्यांनी अक्षर अक्षर लावून तीनदा वाचला. येत्या रविवारी नव्या घरात राहायला जायचं होतं. तुम्ही दोघं या, तुम्ही आल्याशिवाय ते घर वाटणार नाही, असं पोरीने लिहिलं होतं.

"चाला मंग बंगलोरले," खाटेवरून सुखदेवराव म्हणाले. "डोळ्याचं पुढच्या महिन्यात पाहू. डोळा काय पळून चालला?"

"डोळा नाही पळून राहिला. तुम्ही पळून राहिले."

हे खरं होतं. सुखदेवरावांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि नागपूरच्या डॉक्टरने दिलेल्या दोन तारखा त्यांनी चुकवल्या होत्या. एकदा पोट दुखलं, एकदा संत्र्याच्या बागेत कोणाचा तरी बैल हरवला. आता गुरुवारची तिसरी तारीख होती. प्रतीक कामधंदा टाकून धावत येईल म्हणून त्याला सांगितलं नव्हतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही नाही, कारण सुखदेवरावांना भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं.

म्हणजे सुनेला नाही म्हणायचं होतं. तिच्या पहिल्याच मेसेजला. चुकीचं लिहिलं गेलं तर ही पोर पुन्हा कधी लिहिणार नाही, असं मालतीबाईंना वाटत होतं.

आपल्याकडे नाही म्हणणं सोपं. "पाहतो न, जमलं तं येतो," म्हटलं की समोरच्याला कळतं, यांचं पान वाढायचं नाही. पण हे इंग्रजीत कसं म्हणायचं? मालतीबाईंचं इंग्रजी सौंसरच्या शाळेतलं, तेही सगळं रजेच्या अर्जाचं. ताप आला, बहिणीचं लग्न आहे, आजी वारली, काहीही असो, सुरुवात एकच. त्यांनी वहीच्या पानावर लिहून काढलं: रिस्पेक्टेड अमृता, आय बेग टू से दॅट.

गल्लीतली शीतल सौंसरला इंग्रजी बोलण्याचे क्लास घ्यायची. बस गाठायला निघालेल्या तिला मालतीबाईंनी दारातच अडवलं. तिने पान वाचलं.

"काकू, सुनेपुढं बेग कायले करता? ती काय हेडमास्तर हाय?"

"मंग तू सांग. नाही म्हणायचं, पण तिले वाईट नाही वाटलं पायजे."

"आधी 'आय ॲम अफ्रेड' म्हणायचं. मंग नाही म्हणायचं."

"भ्यायचं काय त्यात?"

"भ्यायचं नसते काकू. म्हणायचं असते."

मालतीबाईंना हे पटायला वेळ लागला. सत्तरीला टेकलेल्या बाईने सुनेला आपण भ्यालो म्हणून कळवायचं. पण शीतलने उभ्याउभ्या सुरेख मजकूर लिहून दिला. तुझा निरोप वाचून फार आनंद झाला, भीती वाटते की आम्हांला येता येणार नाही, पापा गुरुवारी डोळ्याच्या छोट्या ऑपरेशनसाठी नागपूरला जात आहेत, काळजीचं काही नाही, क्षमा कर, तुमची आठवण येईल. सगळं इंग्रजीत, आणि लोण्यासारखं मऊ.

मालतीबाई एका बोटाने एकेक अक्षर शोधत आणि मोठ्याने म्हणत टाइप करू लागल्या. सुखदेवराव डोळे मिटून ऐकत होते. ऐकता ऐकता ते उठून बसले.

"थांब. किती शब्द हायेत?"

"असतीन चाळीस-पन्नास."

"पन्नास? कोनाच्या बापाचं तारघर हाय?"

सुखदेवराव पस्तीस वर्षं तारबाबू होते. सगळ्या पंचक्रोशीचं सुखदुःख त्यांच्या बोटाखालून कट्ट-कट करत गेलं होतं. लोक पानभर मजकूर घेऊन यायचे आणि सुखदेवराव लाल पेन्सिलने तो सात-आठ शब्दांवर आणायचे. शब्दाला पैसे पडत, आणि गरिबाचे पैसे वाचवण्यात त्यांना पुण्य वाटे. त्यांची माया पण तशीच होती, तारेतली. प्रतीक झाला तेव्हा मालतीबाई सौंसरला माहेरी होत्या. सव्वा महिन्यात नवऱ्याचं पत्र नाही, काही नाही. मग एक दिवस तार आली. माहेरी रडारड सुरू झाली, कारण तार म्हणजे कोणीतरी गेलंच. वडिलांनी देवाचं नाव घेत फोडली. आत तीन शब्द होते: फूड बॅड कम. जेवण वाईट, ये. वडिलांना काही उमगलं नाही, पण मालतीबाई लाजून आत पळाल्या होत्या. तसं प्रेमपत्र गल्लीत कोणाला आलं नव्हतं.

तार बंद होऊनही आता कितीतरी वर्षं झाली होती. लाल पेन्सिल मात्र सुखदेवरावांच्या डोक्यात तशीच होती.

"आनंद झाला, हे काट. आनंद न व्हायले काय झालं? 'आय ॲम' काट, अफ्रेड पुरे. डोळ्याचं काहून लेहतं? प्रतीकले समजलं तं येईन धावत. काट. आठवण येईन, हे तं बिलकुल फालतू."

"अवो, पन गोड लागलं पायजे न."

"सॉरी ठेव. सॉरी गोडच असते."

एका बोटाने टाइप करून मालतीबाईंचा खांदा भरून आला होता, त्यामुळे कापाकापीला त्यांचा विरोध फारसा टिकला नाही. शेवटी मेसेज गेला तो असा: अफ्रेड कॅनॉट कम. फादर गोइंग थर्सडे. सॉरी.

मग त्यांनी फोन चार्जिंगला लावला आणि गुरुवारी सोबत यायला भावाला सांगावं म्हणून दहाच्या बसने सौंसर गाठलं. सुखदेवरावही दाराला कुलूप घालून गावाबाहेरच्या कवडू न्हाव्याकडे केस कापायला गेले. त्यांचा फोन खुंटीवरच्या सदऱ्यात होता.

पुढचं मालतीबाईंना शेजारच्या उषाबाईंकडून नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं.

बंगलोरला अमृताने मेसेज वाचला. तिने अम्माला फोन लावला. कोणी उचलेना. पापांना लावला. कोणी उचलेना. प्रतीक सकाळीच दिल्लीच्या विमानात बसला होता. तिच्याकडे पांढुर्ण्याचा आणखी एकच नंबर होता, लग्नातला: प्रतीकचा मित्र गौरव, बाजारात औषधाचं दुकान असलेला. आपल्या तुटक्या हिंदीत तिने त्याला सांगितलं, पापा थर्सडे को जा रहे हैं, अम्मा डर गई है.

गौरवने हातातली गोळ्यांची पुडी तशीच टाकली. रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन तो गल्लीत आला तर दाराला कुलूप. आतून फोन वाजत होता. तो ऐकून उषाबाई बाहेर आल्या.

"काकू, सुखदेवकाका सिरियस हायेत म्हणे. गुरुवारपर्यंतच, असं डॉक्टर म्हणून राहिला वाटते."

"अगं माय. तरीच कुलूप हाय. नेलं असंन सकाळीच."

गौरव हे सांगायला बाजारात गेला. सुखदेवराव असते तर त्यांनी कौतुक केलं असतं, कारण प्रत्येक तोंडाने एकेक शब्द कापला. पानठेल्यापर्यंत 'गुरुवार' गळून पडला. बसस्टँडपर्यंत 'सिरियस' गेला. जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावला बातमी पोहोचली तेव्हा तिच्यात दोनच शब्द उरले होते: सुखदेव गेले.

दुपारी चारला उषाबाईंच्या अंगणात सतरंजी पडली. तीस-पस्तीस माणसं मान खाली घालून बसली. आणि कवडूच्या दुकानात दिवसभर गप्पा ठोकून सुखदेवराव घराकडे आले. दवाखान्यात चेहरा साफ लागतो म्हणून कवडूने त्यांची चाळीस वर्षांची मिशी उतरवली होती. डोक्याला उन्हाचा दुपट्टा होता. डोळ्यांपुढे धुकं. शेजारी कोणीतरी गेलं आहे एवढं त्यांना दिसलं. अशा वेळी सरळ घरात जाणं बरं दिसत नाही म्हणून ते सतरंजीच्या कडेला टेकले. बाजूला सावरगावचा राजू बसला होता. त्याने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"किती वय होतं?" सुखदेवरावांनी हळूच विचारलं.

"असंन सत्तर-बाहत्तर."

"मंग ठीक हाय. माणूस कसा होता?"

"मले नाही माहीत. चांगलाच असंन, आता गेला म्हटल्यावर."

सुखदेवरावांनी मान हलवली आणि अनोळखी मृताविषयी दोन मिनिटं डोळे मिटले.

पाचच्या बसने मालतीबाई परतल्या. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना आपल्या दाराशेजारची माणसं दिसली, कुलूप दिसलं, आणि उषाबाई रडत समोरून येताना दिसल्या. सकाळी निघताना आपण नवऱ्याला काय बोललो, ते त्यांनी आठवून पाहिलं. चहात साखर जास्त मागितली म्हणून ओरडलो होतो. तेच शेवटचं. आतापर्यंतची सगळी वर्षं त्या एका चमचा साखरेपाशी येऊन थांबली. उषाबाईंनी गळ्यात हात टाकले. मालतीबाईंना रडूही येईना.

"आली का?" सतरंजीच्या कडेकडून आवाज आला. "कोन गेलं वो, मालते? अर्धा घंटा झाला बसलो, कोनी सांगूनच नाही राहिलं."

सतरंजीवरच्या सगळ्या माना वळल्या. मग राजू हळूच दोन हात लांब सरकून बसला.

पुढचा अर्धा तास कोण कोणाला रागावतंय ते कळत नव्हतं. मालतीबाईंनी नवऱ्याच्या मिशीपासून सुरुवात केली. गौरव डोकं धरून बसला. "काकू, वहिनींनीच म्हटलं, पापा जाऊन राहिले."

मालतीबाईंनी कुलूप काढून फोन पाहिला. एकतीस मिस कॉल. आणि स्वतःचा मेसेज त्यांनी आता पहिल्यांदा सुनेच्या डोळ्यांनी वाचला.

"तुम्ही 'गोइंग' काहून ठेवलं? घरातून निघताना आपन 'येतो' म्हणतो. 'जातो' कधी म्हटलं काय जन्मात?"

"'कमिंग' लेहलं असतं तं पोरगी बंगलोरच्या टेसनवर माह्यी वाट पाहत बसली असती," सुखदेवराव म्हणाले. मालतीबाई गौरवकडे वळल्या.

"गौरव, तिले फोन लाव. सांग, सगळं ठीक हाय."

"लावून राहिलो न काकू. बंद हाय. मले वाटते, त्या विमानात हायेत."

रात्री आठ-साडेआठला नागपूरहून आलेली टॅक्सी गल्लीत शिरली. मालतीबाईंनी तोवर शीतलकडून नवीन वाक्य घोकून ठेवलं होतं, तुला त्रास दिल्याबद्दल क्षमा असावी अशा अर्थाचं, चांगलं लांबलचक. अमृता उतरली. केस विस्कटलेले, पायात घरातल्या चपला. ओट्यावर सुखदेवराव बशीत चहा ओतून पीत होते. बिनमिशीच्या त्या माणसाकडे तिने निरखून पाहिलं. ओळख पटली. मग तिने मालतीबाईंकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द आला नाही. आपल्या भाषेत, एका श्वासात, रडत रडत, ती जे बोलत सुटली ते पाच मिनिटं थांबेना. हंड्यातले सगळे खडे एकदम रिकामे झाले.

घोकलेलं वाक्य मालतीबाई विसरूनच गेल्या. "मंग मी काय करू?" त्या ओरडल्या. "मले काय हौस आली होती? एकटी आली विमानात, पोटात काही नाही, तोंड पाह्य कसं झालं. ह्या म्हाताऱ्यानं शब्द कापले, मी नाही कापले." आणि ओरडता ओरडता त्यांनी पोरीला जवळ ओढलं.

अमृता गेली नाही. नवं घर आठ दिवस थांबेल, तू धावत येऊ नकोस, असं तिने प्रतीकला परस्पर कळवलं. गुरुवारी नागपूरला सुखदेवरावांचा एक हात तिने धरला होता, एक मालतीबाईंनी, त्यामुळे पळायला वाव नव्हता.

शनिवारी दुपारी प्रतीकचा फोन आला तेव्हा सुखदेवराव काळा चष्मा लावून खाटेवर पडले होते. स्वयंपाकघरात जोरात चाललं होतं. मालतीबाईंना भाजीला मिरचीची फोडणी द्यायची होती. ऑपरेशनच्या डोळ्याला धूर नको म्हणून अमृताने कढईच उचलून धरली होती. "वेंडा, अम्मा, वेंडा," असं ती बजावत होती. "वेंडा-बिंडा काही नाही. फोडणीशिवाय ते जेवत नाहीत," असं मालतीबाई बजावत होत्या. 'वेंडा' म्हणजे नको, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, आवाज कायचा हाय?" प्रतीकने घाबरून विचारलं. "भांडून राहिल्या का? फोन आईजवळ द्या. मी दोघींले समजावून सांगतो."

सुखदेवरावांनी कान देऊन थोडं ऐकलं. कढई चुलीवर परत आदळली. दोघींपैकी एक हसली. कोणती, ते आवाजावरून कळलं नाही.

"राहू दे बे," ते म्हणाले. "बोलून राहिल्या."